रनर गेमला ‘किरकोळ’ म्हणणाऱ्यांना

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात मिनी प्रोजेक्टचे विषय ठरायला लागले की आपल्याकडच्या कॉलेजांत एक संवाद हमखास घडतो. दोन-तीन विद्यार्थी येऊन म्हणतात, “सर, आम्ही मोबाइलसाठी एंडलेस रनर गेम करतो.” त्यावर उत्तर मिळतं, “गेममध्ये काय आहे? व्हिडिओ बघून तासाभरात होतो तो. एआय घ्या, ब्लॉकचेन घ्या, काहीतरी वजनदार घ्या.” विद्यार्थी मुकाट्यानं विषय बदलतात. सत्राच्या अखेरीस जाडजूड अहवाल जमा होतो. वर भारदस्त शीर्षक असतं. आत मात्र दुसऱ्या कुणाची लायब्ररी, तिसऱ्या कुणी जमवलेला डेटा आणि ही दोन एकमेकांना जोडणाऱ्या थोड्या ओळी, एवढाच ऐवज निघतो. बाहेरून आलेल्या परीक्षकानं त्यातली एक ओळ बदलून दाखवायला सांगितली, तर गटातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

विद्यार्थ्यांना परत पाठवणाऱ्या त्या उत्तरामागचं मत मला खोडून काढायचं आहे, कारण ते चुकीचं आहे आणि त्यामुळे मुलांचं नुकसान होतं. साधा एंडलेस रनर नीट, शेवटपर्यंत आणि कुणाच्याही फोनवर सारखा चालेल असा लिहिणं, हे पदवीच्या विद्यार्थ्याला देता येण्याजोग्या उत्तम कामांपैकी एक आहे. त्यात काळाचं गणित आहे, मेमरीचा हिशेब आहे, संभाव्यता आहे, आणि झालेली चूक लपवायला कुठेही आडोसा नाही. तबला शिकणाऱ्याची तयारी साध्या तीनतालाच्या ठेक्यात कळते, तशी प्रोग्रॅमरची तयारी या एका बोटाच्या खेळात कळते.

पहिला आक्षेप असतो तो ‘तासाभरात होतो’ हा. तासाभरात काय होतं, ते आधी पाहू. पडद्याच्या डाव्या बाजूला एक आकृती उभी राहते, जमीन मागे सरकू लागते, बोट टेकवलं की आकृती उडी मारते, आदळली की ‘गेम ओव्हर’ अशी पाटी येते. व्हिडिओ इथं संपतो आणि काम इथून सुरू होतं.

तशा घाईच्या कोडमध्ये बहुधा प्रत्येक फ्रेमला जमीन ठरावीक अंतरानं मागे ढकललेली असते. ६० हर्ट्झच्या पडद्यावर ते छान दिसतं. तोच गेम १२० हर्ट्झच्या फोनवर घातला तर दुप्पट वेगानं धावतो, आणि स्वस्त फोन तापून फ्रेमचा दर ३० वर घसरला की निम्म्या वेगानं रखडतो. यावरचा पहिला इलाज सगळ्यांना माहीत असतो: मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला तो मोजायचा आणि वेगाला त्यानं गुणायचं. जमिनीपुरतं एवढं पुरतं. उडीला पुरत नाही.

समजा, उडी घेतानाचा वेग सेकंदाला १० मीटर आहे आणि गेममधलं गुरुत्वत्वरण २५ आहे. कागदावर उडीची उंची बरोबर २ मीटर येते. आता प्रत्येक फ्रेमला आधी वेग कमी करायचा आणि मग त्या वेगानं उंची बदलायची, ही नेहमीची पद्धत वापरून पाहा. फ्रेमचा दर १२० असेल तर उंची १.९६ मीटर भरते, ३० असेल तर १.८३ मीटर. अडथळा १.९ मीटर उंच ठेवला असेल, तर महागड्या फोनवरचा खेळाडू तो ओलांडतो आणि स्वस्त फोनवरचा आदळतो. दोघांच्या बोटांत काही फरक नाही. ज्यानं कोड लिहिला त्यानं एकाला जिंकवलं आणि दुसऱ्याला हरवलं, आणि त्याला त्याचा पत्ताही नाही.

यावरचा पक्का उपाय म्हणजे खेळातलं गणित पडद्यापासून वेगळं काढणं. गणित नेहमी ठरावीक लांबीच्या पावलांनी पुढे न्यायचं, उरलेला वेळ पुढच्या फ्रेमसाठी साठवायचा, आणि पडद्यावर दाखवताना शेवटच्या दोन स्थितींच्या मधली जागा काढायची. ग्लेन फिडलर यांनी यावर लिहिलेला लेख गेम प्रोग्रॅमर आजही एकमेकांना वाचायला देतात. युनिटी इंजिनमध्ये हे ठरावीक पाऊल मुळात ०.०२ सेकंदाचं असतं. आणि ही समज गेमपुरती राहत नाही. यंत्रमानवाचा तोल सांभाळणारा कोड लिहिताना किंवा वाहनाच्या हालचालीचं सिम्युलेशन करताना काळाची पावलं कशी टाकायची, हा प्रश्न जसाच्या तसा पुन्हा समोर येतो. वर्गात संख्यात्मक पद्धतींच्या पेपरला ऑयलरची रीत पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला ती चुकते कुठे, हे इथं डोळ्यांनी दिसतं.

पुढे वेग वाढतो. सेकंदाला ३० मीटर वेग आणि ३० फ्रेम, म्हणजे एका फ्रेमला १ मीटर. धावणारा ४० सेंटिमीटर रुंद, अडथळाही ४० सेंटिमीटर रुंद. एका फ्रेमला धावणारा अडथळ्याच्या अलीकडे असतो, पुढच्या फ्रेमला पलीकडे. टक्कर तपासणाऱ्या ओळीला दोघं एकमेकांना शिवलेले कधी सापडतच नाहीत. मग दोन स्थितींमधला सगळा पट्टा तपासावा लागतो. दरम्यान खेळता खेळता घरून फोन येतो, गेम मागे जातो आणि दोन मिनिटांनी परत समोर येतो. मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ १२० सेकंद भरतो आणि सेकंदाला १० मीटरनं धावणारं पात्र एका पावलात १२०० मीटर पुढे फेकलं जातं. म्हणून त्या वेळेला कमाल मर्यादा घालायची आणि गेम मागे जाताच तो आपोआप थांबवायचा. स्वाइप ओळखताना बोट उचलण्याची वाट पाहिली तर खेळाडूला गेम जड वाटतो. बोट ठरावीक अंतर सरकलं की त्याच क्षणी हुकूम मानावा लागतो. जमिनीला पाय लागायच्या किंचित आधी मारलेला टच वाया जाऊ नये म्हणून तो क्षणभर लक्षात ठेवावा लागतो. यातली एकेक गोष्ट छोटी आहे. सगळ्या मिळून तासाभराच्या कामाचे कित्येक आठवडे होतात, आणि त्या आठवड्यांत विद्यार्थी प्रोग्रॅमर होतो.

दुसरा आक्षेप असा की अडथळे रँडम टाकले की झालं, त्यात डिझाइन कसलं? असं म्हणणाऱ्यांनी क्रोममधला डायनोसॉर एकदा उघडून पाहावा. इंटरनेट गेलं की ब्राउझरमध्ये दिसणारा हा धावता टी-रेक्स २०१४ मध्ये आला. क्रोमियमचा कोड खुला असल्यामुळे तो कुणालाही वाचता येतो, आणि कोड म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

सुरुवातीचे ३ सेकंद त्यात एकही अडथळा येत नाही, म्हणजे नवख्या माणसाला हात बसवायला वेळ मिळतो. वेग ६ पासून सुरू होतो आणि कमाल १३ पर्यंत जातो. दर फ्रेमला ०.००१ इतकीच वाढ असल्यामुळे ६० फ्रेमच्या पडद्यावर त्याला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. उडणारं टेरोडॅक्टिल वेग ८.५ होईपर्यंत येतच नाही. एकाच प्रकारचा अडथळा लागोपाठ दोनपेक्षा जास्त वेळा येऊ दिलेला नाही. आणि दोन अडथळ्यांमधलं अंतर निव्वळ रँडम नाही. अडथळ्याची रुंदी गुणिले वेग, अधिक त्या प्रकारासाठी ठरवलेल्या अंतराचा ०.६ भाग, हे झालं किमान अंतर. कमाल अंतर त्याच्या दीडपट. रँडम आकडा या दोन कुंपणांच्या आतच पडतो. १७ पिक्सेल रुंदीचं लहान निवडुंग घ्या. वेग ६ असताना त्याच्यामागे किमान १७४ पिक्सेल मोकळे राहतात, वेग १३ झाल्यावर २९३. कारण वेग वाढला की तेवढ्याच हवेतल्या वेळात उडी जास्त लांब जाते.

आपल्या आधीच्या उदाहरणातली उडी ०.८ सेकंद हवेत राहते. सेकंदाला १० मीटर वेगानं तिच्यात ८ मीटर कापले जातात, २० मीटर वेगानं १६. म्हणजे सुरुवातीला सुटसुटीत वाटणारी अडथळ्यांची मांडणी पुढे जीवघेणी होऊ शकते आणि सुरुवातीला अशक्य असलेला खड्डा पुढे सहज पार होतो. तीन रुळांच्या रनरमध्ये तिन्ही रूळ एकाच वेळी अडले तर खेळाडूनं करायचं काय? म्हणून जाणकार माणूस आधी सुटकेची वाट आखतो आणि तिच्या आजूबाजूला अडथळे रचतो. प्रत्येक क्षणी निदान एक सुटका असलीच पाहिजे, ही अट सिद्ध करावी लागते. खेळाडू हरला तर स्वतःच्या चुकीनं हरावा, प्रोग्रॅमरच्या चुकीनं हरू नये. यादृच्छिक संख्येला न्यायाची शिस्त लावणं हे गणिताचं काम आहे आणि नीतीचंही.

क्रोमच्या त्याच कोडमध्ये टक्कर तपासण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. धावत्या टी-रेक्सभोवती एकच चौकोन काढून तो लिहिणारे थांबलेले नाहीत. आधी मोठा बाहेरचा चौकोन तपासतात. तो लागला तरच शरीराच्या आकारानुसार रचलेले सहा लहान चौकोन तपासतात. स्वस्त चाचणी आधी, महाग चाचणी गरज पडली तरच. डेटाबेसच्या क्वेरीपासून भूमितीच्या सॉफ्टवेअरपर्यंत सगळीकडे हाच विचार चालतो. तो शिकवायला निवडुंग आणि डायनोसॉर पुरतात.

तिसरा आक्षेप सध्या सर्वांत जोरात आहे: हे सगळं इंजिन करतं, आणि राहिलेलं एआय लिहून देतं. इंजिन पुष्कळ करतं, हे खरं आहे. एआयची मदत घेण्यात गैर काही नाही, हेही खरं. पण काय बिघडलं आहे हे ज्याला समजत नाही, तो कुणाला काय विचारणार?

एक उदाहरण देतो. मागे सरकणारं आकाश दाखवायला चित्राचं स्थान थोडं थोडं वाढवत नेण्याची रीत सगळीकडे दिसते. लॅपटॉपवर ते तासभर नितळ चालतं. फोनवर अर्ध्या मिनिटात आकाश गचके देऊ लागतं. कारण पुष्कळ मोबाइल ग्राफिक्स चिप मध्यम अचूकतेचे आकडे १६ बिटांत ठेवतात आणि अपूर्णांकासाठी त्यातले फक्त १० बिट उरतात. आकडा १६ ते ३२ च्या दरम्यान पोचला की त्याला १/६४ पेक्षा लहान पाऊल टाकताच येत नाही. ५१२ पिक्सेल रुंदीच्या चित्रात ते पाऊल ८ पिक्सेलचं होतं. लॅपटॉपची चिप त्याच सूचनेवर पूर्ण अचूकता देते, म्हणून तिथं चूक दिसत नाही. उपाय एका ओळीचा आहे: पूर्णांक टाकून द्यायचा आणि फक्त अपूर्णांक चिपकडे पाठवायचा. पण ती ओळ सुचायला संगणक दशांश आकडे कसे साठवतो, हे कळलेलं असावं लागतं. अंतहीन धावण्यात ‘अंतहीन’ हा भाग संगणकाला झेपत नाही, ही या प्रकल्पाची सगळ्यात मोठी शिकवण आहे. म्हणूनच अनुभवी लोक पात्राला जागेवर ठेवून जग मागे सरकवतात, किंवा ठरावीक अंतरानं सगळ्यांना उचलून पुन्हा शून्याजवळ आणतात.

मेमरीचंही तेच. प्रत्येक अडथळा नव्यानं निर्माण करायचा आणि पडद्याबाहेर गेला की नष्ट करायचा, ही सोपी वाट. थोड्या वेळानं कचरा साफ करणारी यंत्रणा जागी होते आणि नेमक्या उडीच्या क्षणी गेम अडखळतो. ६० फ्रेमच्या गेममध्ये एका फ्रेमसाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्यातले दहा या सफाईत गेले तर खेळाडूला झटका जाणवतो. मग विद्यार्थी वीसेक अडथळे सुरुवातीलाच तयार करून ठेवतो आणि मागे गेलेला अडथळा उचलून पुन्हा पुढे मांडतो. सर्व्हरवर डेटाबेसची जोडणी अशीच राखून पुन्हा पुन्हा वापरतात. ते त्याला पुढे नोकरीत कुणी शिकवायला नको.

एआय हे सगळे उपाय सांगू शकतं, हे मला मान्य आहे. पण “गेम चाळीस सेकंदांनी अडखळतो” एवढंच सांगितलं तर ते दहा शक्यता पुढे ठेवेल. त्यातली खरी कोणती हे मोजून ठरवणं, फोन हातात घेऊन प्रोफायलर लावणं, दोन वेगवेगळ्या फोनवर फरक पडताळणं, हे माणसालाच करावं लागतं. कोड मिळणं स्वस्त झालं आहे, म्हणूनच तो तपासण्याची अक्कल महाग झाली आहे. ती अक्कल शिकवणारा विषय नाकारण्याचं हे कारण कसं होऊ शकेल?

चौथा आक्षेप नकलेचा. सगळे रनर एकसारखेच, विद्यार्थी ‘टेम्पल रन’चीच नक्कल करणार, त्यात नवं काय, असं विचारतात. इतिहास वेगळं सांगतो. ॲडम सॉल्ट्समन यांनी २००९ मध्ये ‘कॅनाबाल्ट’ केला तो ‘कमीत कमी’ या विषयावरच्या प्रयोगासाठी, काही दिवसांत, एकाच बटणावर. त्यात वाटेतल्या खोक्याला धडकलं की माणूस मरत नाही, त्याचा वेग कमी होतो. म्हणून निष्णात खेळाडू वेग हाताबाहेर जातोय असं वाटलं की मुद्दाम खोक्याला धडकतो. एका साध्या नियमातून डावपेच निर्माण झाला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं २०१२ मध्ये आपल्या संग्रहासाठी पहिले १४ व्हिडिओ गेम निवडले, त्यांत ‘कॅनाबाल्ट’ होता. ऑगस्ट २०११ मध्ये कीथ शेफर्ड आणि नतालिया लकियानोवा या दांपत्याच्या इमांगी स्टुडिओजनं ‘टेम्पल रन’ आणला. त्यांनी धावणं पाठीमागून दाखवलं, वळणं स्वाइपवर दिली आणि बाजूला सरकणं फोन तिरका करण्यावर. २०१२ मध्ये डेन्मार्कच्या किलू आणि सायबो यांनी ‘सबवे सर्फर्स’मध्ये तीन रूळ ठेवले. त्या गेमच्या जगभर फिरणाऱ्या आवृत्त्यांत मुंबईचीही आवृत्ती निघाली, आणि २०१८ मध्ये गूगल प्लेवर १०० कोटी डाउनलोडचा टप्पा ओलांडणारा तो पहिला गेम ठरला.

यातला प्रत्येक जण आधीच्याच्या खांद्यावर उभा आहे आणि प्रत्येकानं एक-दोन निर्णय स्वतःचे घेतले आहेत. विद्यार्थ्याकडून तेवढीच अपेक्षा करा: चित्रं आणि कोड चोरू नकोस, कल्पना घे आणि तिच्यात एक नियम स्वतःचा घाल. विठ्ठलाच्या वारीचा रस्ता असो की लोकल पकडायची धावपळ, विषय काहीही चालेल; नियम मात्र विचारपूर्वक आलेला हवा आणि त्यानं खेळ कसा बदलला हे त्याला सांगता आलं पाहिजे.

पाचवा आक्षेप मला गंभीर वाटतो, म्हणून तो शेवटी घेतला. गेम म्हणजे मुलांचा वेळ खाणारं व्यसन, ते करायला कॉलेजनं का शिकवावं? या चिंतेत तथ्य आहे. मेल्यावर ‘नाणी देऊन पुन्हा जिवंत व्हा’ असं विचारणारा पडदा आणि प्रत्येक हरण्यानंतर येणारी जाहिरात हे हिशेबानं बसवलेले असतात. व्हिएतनामच्या न्गुयेन हा डोंग यांचा ‘फ्लॅपी बर्ड’ २०१४ च्या सुरुवातीला जगभर गाजला, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी तो स्वतःहून मागे घेतला; लोकांना त्याचं व्यसन लागतंय, हे त्यांनी दिलेलं कारण होतं. पण या उदाहरणाचा धडा गेम शिकवू नका असा होत नाही. ज्याच्या हातात कोड असतो त्याच्याकडे तो थांबवण्याची ताकदही असते, हा त्याचा धडा आहे. हे सापळे आतून कसे बांधतात हे ज्यानं पाहिलं आहे, तो आपल्या धाकट्या भावंडाला ते दाखवू शकतो आणि उद्या नोकरीत असा सापळा बांधायला सांगितलं तर नकारही देऊ शकतो. ज्यानं कधी पाहिलंच नाही, तो फक्त त्यात अडकू शकतो.

वजनदार विषयांना माझा विरोध नाही. एखाद्या गटाला खरोखर एआय शिकायचं असेल, त्यामागचं गणित समजून घ्यायचं असेल, तर त्यांनी ते आवर्जून घ्यावं. माझा विरोध आहे तो शीर्षकाच्या वजनावर कामाचं मोल ठरवण्याला. अर्धवट सोडलेल्या मोठ्या प्रकल्पापेक्षा पूर्ण केलेला लहान प्रकल्प विद्यार्थ्याला जास्त शिकवतो, कारण शेवटचा दहावा हिस्सा पूर्ण करतानाच आधीच्या नऊ हिश्शांतल्या चुका उघड्या पडतात. शिवाय गेमचा परीक्षक मिळवणं सोपं आहे. फोन एखाद्या दहा वर्षांच्या मुलीच्या हातात द्या. तिला अहवाल वाचायचा नसतो. उडी उशिरा लागली तर ती लगेच सांगते.

तेव्हा प्राध्यापकांना आणि परीक्षकांना माझी विनंती आहे: रनर गेम मान्य करा आणि मग विद्यार्थ्याला सोडू नका. त्याला विचारा, ३० आणि १२० फ्रेमवर तुझी उडी सारखी भरते का? मोजून दाखव. कमाल वेगाला दोन अडथळ्यांत किमान किती अंतर लागतं, ते कसं काढलंस? तिन्ही रूळ कधीच एकदम अडणार नाहीत, याची खात्री काय? गेम तासभर चालला तर कोणता आकडा वाढत जातो आणि त्याचं पुढे काय होतं? मधेच फोन आला तर काय घडतं? तुझा स्वतःचा नियम कोणता, आणि तो काढून टाकला तर खेळात काय उणं पडतं?

ज्याला याची उत्तरं देता येतील त्याला पैकीच्या पैकी गुण द्या. त्यानं ते कमावले आहेत. ज्याला येणार नाहीत त्याचे गुण खुशाल कापा. पण हे प्रश्न विचारण्याआधीच त्याला ‘किरकोळ’ म्हणून दारातून परत पाठवण्याचा अधिकार आपल्याला नाही.